चवथीला लॉन कोण कापणार?

चवथ आठवड्यावर आली की आपल्यापैकी बहुतेकांचे फोन एकाच कारणासाठी वाजू लागतात. मोरजी, मांद्रे, हरमलच्या बंगल्यांवर पाहुणे उतरायचे असतात, लॉन घोटाभर वाढलेलं असतं आणि कापणारा गडी माटोळीचं सामान आणायला रानात गेलेला असतो. मग मिळेल तो पोरगा ब्रश कटर खांद्याला लावून येतो, तासाभरात सगळं भुईसपाट करतो आणि पैसे घेऊन जातो. पंधरा दिवसांनी लॉन पिवळं दिसलं की आपण बुरशीनाशक लिहून देतो. बुरशी असतेही, पण तिला दार कटरनेच उघडून दिलेलं असतं.

एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापावा, हे आपण सगळे जाणतो. तीन इंच वाढलेलं गवत पाऊण इंचावर आणलं तर खालचे पांढरे दांडे उघडे पडतात आणि मुळं उपाशी राहतात. शिवाय नायलॉनची दोरी पातं कापत नाही, फाडते. कोवळ्या चिकूच्या बुंध्याला तीच दोरी दोन-चारदा लागली की साल सोलून निघते आणि झाड का वाळलं याचा शोध आपण मुळाशी घेत बसतो!

दोष त्या पोराला देऊ नका. त्याला बोलावलं कापायला, बघायला नव्हे. आपण मालकाकडून वर्षाचे पैसे घेतो आणि गड्याला मात्र फेरीवर मोजतो. माझी तक्रार आहे ती इथे.

पेडणे-डिचोलीतल्या माणसाचं वर्ष आधीच ठरलेलं असतं. उन्हाळ्यात काजू आणि भट्टी, पाऊस लागला की भाताची लावणी, मग चवथ, त्यानंतर कापणी. ‘लोकल माणूस टिकत नाही’ म्हणतो आपण. पण तो कधी नसणार हे कॅलेंडरवर छापलेलं असताना आपणच त्याच्या बेताने काम का आखू नये? चवथीआधी तीन आठवडे युरिया बंद ठेवला, शेवटची कापणी चार दिवस आधी केली आणि उंची नेहमीपेक्षा थोडी जास्त राखली, तर आठ-दहा दिवस लॉनला कोणी हात लावायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये कापणी कमी आणि पाणी महत्त्वाचं. एकाच वाड्यावरचे दोघे ठेवले तर एक काजूत असताना दुसरा पहाटेचं पाणी सांभाळतो.

आणि इथल्या माणसाला इथली जमीन कळते. आपल्याकडे भाताच्या जमिनीला मोरड, खेर, खाजन अशी वेगवेगळी नावं आहेत. सगळीकडे एकच मेक्सिकन कार्पेट अंथरणारे आपण, आणि या तिन्हींतला फरक पायाने ओळखणारा तो. मांद्र्यात एका बंगल्यावर अंगणाच्या कोपऱ्यात चटईएवढा पिवळा डाग वर्षभर हटत नव्हता. खतं झाली, औषधं झाली. शेजारच्या वाड्यावरचा गडी पहिल्याच दिवशी उकिडवा बसला, कोयतीचं टोक मातीत खुपसलं आणि म्हणाला, “भाई, हांगा उदक जिरना.” दोन इंचांखाली गवंड्याने टाकलेलं सिमेंट आणि चिऱ्याचे तुकडे निघाले. ते लॉन आम्हीच घातलं होतं.

जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, पण स्फुरद त्यातच अडकून बसतं. जूनपासून चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात जुलैचा युरिया ओढ्याला जातो. म्हणून सप्टेंबर संपताना थोडं थोडं खत द्यावं. समुद्राजवळ मे महिन्यात बोअरचं पाणी खारट होतं. तिथे पास्पालमच टिकेल. माडा-फणसाच्या सावलीत हरळीचा हट्ट धरू नये. मालकाला निम्मं लॉन कमी करायला सांगावं, असंही मला वाटतं. मे महिन्यात टँकर मागवून गवत जगवायचं म्हणजे जरा अतीच.

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि हाताशी येणारी काही पोरं तिकडे लागली. डिचोलीची गोष्ट वेगळी. तिथल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या. खाणीच्या डंपवर झाडं जगवलेली, मशीन खोलून जोडणारी माणसं त्या तालुक्यात आहेत. मातीविना हिरवळ कशी धरते हे ज्याने पाहिलंय, त्याला आपण ‘हेल्पर’ म्हणून रोजावर लावतो.

महिन्याचा पगार बांधून द्या, पाऊस असो वा नसो. गमबूट द्या, सड्यावर फुरसं असतं. डोळ्यांना जाळीचा चष्मा द्या, कटरचा दगड कुठे उडेल सांगता येत नाही. आणि पात्यांना धार लावायला आठवड्याचे दोन तास कामात धरा.

आणखी एक. चवथीच्या सकाळी मालकीणबाई लॉनमधूनच एकवीस दूर्वा खुडायला सांगतात. हरळी आणि दूर्वा एकच, त्यामुळे मागणी रास्त. पण पंधरा दिवसांपूर्वी तिथे कीटकनाशक मारलेलं असतं आणि ते फक्त गड्याला ठाऊक असतं. यंदा फवारणीची वही त्याच्या हाती द्या. कुठला तुकडा सोडायचा, ते तोच सांगेल.