प्लायवूडचा धंदा: चीन पुढे का गेला, आणि खान्देशच्या बांधाला त्यात काय?

मलबार नीम लावा, सहा-सात वर्षांत लाखो कमवा, प्लायवूडवाल्यांना लाकूड पुरत नाही, अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. लाकूड पुरत नाही हे खरंच आहे. पण ते कुठे पुरत नाही, हे कळायला भारत आणि चीनचा तीस वर्षांचा व्यवहार बघावा लागतो.

1990 च्या दशकात चीन प्लायवूड विकत नव्हता, इंडोनेशिया-मलेशियाकडून घेत होता. आपल्याकडे आसाम-अरुणाचलच्या जंगलातलं लाकूड चालायचं. मग दोन वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे जंगलाची दारं बंद झाली. 12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि ईशान्येतले प्लायवूड कारखाने थंडावले. 1998 च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर चीननेही नैसर्गिक जंगलातली तोड थांबवायला घेतली.

दोन्ही देश शेतकऱ्याच्या बांधाकडे वळले. झाडही एकच, पॉप्लर. चीनमध्ये लिन्यी, पीझोऊ भागात गावोगाव खोड सोलायची छोटी यंत्रं बसली. सोललेले पातळ पापुद्रे उन्हात वाळवायचे आणि कारखान्याला द्यायचे. दहा वर्षांच्या आत चीन जगातला सर्वात मोठा प्लायवूड निर्यातदार झाला.

आपलं यमुनानगर काही मागे नव्हतं. माचीस बनवणाऱ्या विमको कंपनीने 1980 च्या दशकातच उत्तरेत रोपं, बँकेचं कर्ज आणि खरेदीची हमी एकत्र दिली होती. फरक पडला तो गिऱ्हाइकात. चीनचा माल बंदरावर गेला, आपला बहुतेक देशातच कपाट-दिवाणात खपला. निर्यातीचंही सगळं गोड नसतं म्हणा. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेने चिनी प्लायवूडवर शंभर टक्क्यांहून जास्त शुल्क लावलं आणि बऱ्याच ऑर्डरी व्हिएतनामकडे वळल्या. आपल्याकडे फेब्रुवारी 2025 पासून प्लायवूडला बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे. तो नियम बाहेरून येणाऱ्या मालालाही आहे.

खान्देशने यातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. 2000 नंतर पॉप्लरचे भाव इतके पडले की उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी उभी झाडं काढली. आणि त्यांना तर गिरण्या जवळ होत्या! ओलं लाकूड जड असतं, गिरणी लांब असली की ट्रकचं भाडंच भाव खातं. पॉप्लरला थंडी लागते, आपल्या उन्हात ते येणार नाही. नीलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम येतील, पण विकायची कुठे?

पऱ्हाटीचंही तेच. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड कधीच करून दाखवलाय. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. पण ती फुगीर. ट्रॉली भरलेली दिसते, वजन भरत नाही. मग पेटवली जाते, नाहीतर बांधावर पडते आणि गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. गावातच भुगा करून तो पाठवला तर हिशोब बदलू शकतो, मात्र घेणारा कारखाना जवळपास हवा.

म्हणून रोपवाल्याला आधी गिरणीचं नाव आणि अंतर विचारा. हमीभाव सांगितला तर तो शेतातला की गिरणीच्या दारातला, तोडणी आणि भाडं कुणाचं, आणि करारावर सही गिरणीची की नुसती नर्सरीची, तेही बघून घ्या.