गाव गेले, पदवी जाऊ देणार नाही : मावळातून एक जाहीरनामा

आम्ही मावळ तालुक्यातली माणसे. आमच्यात भातशेतकरी आहेत, शाळामास्तर आहेत, लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्कीची दुकाने चालवणारे आहेत आणि रोज सकाळची लोकल धरून पुण्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली-मुलगेही आहेत. आमच्या चळवळीला अजून नाव नाही. मागणी मात्र पक्की आहे. ज्याला मनाविरुद्ध घर सोडावे लागले, तो काबूलचा असो की पवनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावचा, त्याचे विद्यापीठातले शिक्षण पैशावाचून किंवा कागदावाचून अडता कामा नये.

निर्वासितांचा विषय मावळाने का काढावा, असे कोणी विचारील. त्याने पावसाळ्यात लोणावळ्याला येऊन पाहावे. ज्या पाण्याकडे बघायला मुंबई-पुणे लोटते, त्यातले बरेचसे पाणी कुणाच्या तरी शेतावर उभे आहे. टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरोटा इथे धरणे बांधली आणि 1915 मध्ये खोपोलीत वीज सुरू झाली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. पाठोपाठ ठोकरवाडी आले. 1921 मध्ये शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, तरी धरण झालेच. मग पवना धरण. त्याच्या धरणग्रस्तांचा जमिनीचा प्रश्न पन्नास वर्षे तालुक्याच्या प्रत्येक निवडणुकीत भाषणापुरता निघतो. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तिघे गेले.

या सगळ्यात जमीन मोजली गेली, झाडे मोजली गेली, विहिरी मोजल्या गेल्या. गाव उठताना ज्या मुलाची शाळा सुटली त्याचे पंचनाम्यात काही आले नाही. प्रकल्पग्रस्ताचा दाखला सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण देतो, तोही घरातल्या एकालाच. त्या नोकरीपर्यंत नेणाऱ्या पदवीचा खर्च कुणी करायचा, हे दाखला सांगत नाही.

आता काबूलकडे वळू, कारण तिथली गोष्ट पुण्यातच घडली आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद अफगाण विद्यार्थ्यांना वर्षाला हजार शिष्यवृत्त्या देत असे. त्याशिवाय स्वतःच्या खर्चाने येणारे वेगळे. पुणे हे त्यांचे आवडते शहर होते. खडकी-शिवाजीनगरच्या खोल्यांत राहून, विद्यापीठाच्या आवारात मराठी मुलांबरोबर चहा पिऊन त्यांनी पदव्या घेतल्या. 15 ऑगस्ट 2021 ला तालिबानने काबूल घेतले. इथे असलेल्यांच्या घरून येणारे पैसे बंद झाले, कारण तिकडच्या बँकाच बंद होत्या. करोनाच्या काळात घरी गेलेले तिकडेच अडकले. दहा दिवसांनी, 25 ऑगस्टला, भारत सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले. प्रवेश होता, शिष्यवृत्ती होती, काहींची शेवटची सेमिस्टर तेवढी राहिली होती. यायला वाट नव्हती. डिसेंबर 2022 मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाचे दार बंद केले. ज्या मुली परत येऊ शकल्या नाहीत त्यांचे शिक्षण दोन्हीकडून संपले.

शिष्यवृत्ती देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. घडणच चुकीची होती. दोन सरकारांमधल्या मैत्रीवर उभी असलेली शिष्यवृत्ती ती मैत्री आहे तोवर चालते. विद्यार्थ्याला तिची खरी गरज पडते ती सरकार पडल्यावर, आणि नेमक्या त्याच दिवशी ती तुटते. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे : पैसा विद्यार्थ्याच्या नावाने बांधा, पासपोर्टच्या नावाने नको. एकदा वर्गात घेतलेल्या मुलीला पदवीपर्यंत सांभाळायचे. मग मध्ये काबूल पडो, यांगून पडो की आणखी काही.

कायद्याचे दार अरुंद आहे, याची आम्हाला कल्पना आहे. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे ओळखपत्र असलेला मुलगा भारतीयांच्या रांगेत बसत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत जावे तर पासपोर्ट आणि विद्यार्थी व्हिसा मागतात, आणि फीही कित्येक पट. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या वर पंचवीस टक्के जागा भरायला मुभा दिली. म्हणजे बाके आहेत. त्यांवर कोण बसणार हे आज पैसा ठरवतो. जर्मनीच्या मदतीने 1992 पासून चालणारी आइन्स्टाइनच्या नावाची निर्वासित शिष्यवृत्ती आहे, पण तिच्या जागा मागणीच्या मानाने अगदी थोड्या. जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणात पोचणारे 2019 मध्ये शंभरात एक होते. 2023 पर्यंत ते शंभरात सातच्या घरात आले होते. 2030 पर्यंत पंधरा करायचे, असे ठरले आहे. पंधरा! आणि याला महत्त्वाकांक्षा म्हणतात.

हे आपल्याला जमणार नाही असे कुणी सांगू नये, कारण महाराष्ट्राने हे केले आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे पिंपरीच्या छावणीत उतरली. आमची लोकल आजही पिंपरी कॅम्पाच्या कडेने जाते. त्याच काळात कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज काढले. सिंधमधल्या हैदराबादचे नॅशनल कॉलेज 1949 मध्ये वांद्र्याला पुन्हा उभे राहिले. निर्वासित मास्तरांनी निर्वासित मुलांना शिकवले, आणि पुढे त्याच बाकांवर सगळी मुंबई शिकली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्या छावणीत त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या. तिबेटी मुलांसाठी केंद्र सरकारने 1961 मध्ये वेगळी शाळाव्यवस्था उभारली, आणि गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत आहेच. तेव्हाही देश गरीब होता.

आता तो प्रश्न, जो प्रत्येक पारावर विचारला जाईल : आधी आपली पोरे का नाहीत? प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला अडाणी ठरवणारी माणसे आम्हाला चळवळीत नको आहेत. उत्तर आम्ही निधीच्या घडणीतच दिले आहे. निधी एक, रांग एक, कसोटी एक : घर मनाविरुद्ध सुटले का, आणि त्यामुळे शिक्षण अडले आहे का. धरणग्रस्ताची नात आणि अफगाण मुलगा एकाच समितीपुढे बसतील. दोन वेगळे निधी केले तर एक दया म्हणून चालेल आणि दुसरा मतांसाठी. आम्हाला दोन्ही नको. शिवाय एकाच बाकावर बसल्यावर दोघांना एकमेकांची हकिगत कळेल, ती कुठल्याही भाषणापेक्षा लवकर.

पैसा कुठून आणणार? त्याची रीत मावळाला माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फेरी धरली. टिळकांनी त्यांना पाठबळ दिले. त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय जपानात काचकाम शिकून आले होते, त्यांनी तिथे काच ओतली आणि शिकवलीही, आणि तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. एका पैशात कारखाना उभा राहतो, तर दोन-चार डझन पदव्याही उभ्या राहतील.

आमचा निधी असा असेल. शेतकरी घरातून हंगामाला एक पायली इंद्रायणी. हा तांदूळ आमच्या वडगावच्या संशोधन केंद्रातून निघाला, तेव्हा पुण्यातल्या मेसमध्ये शिजायला त्याला कमीपणा नाही. दुकानदाराकडून महिन्याला ठरलेली रक्कम, जी तो स्वतः ठरवील. लोणावळा-खंडाळ्यात शनिवार-रविवार सोडून कुलूप असलेल्या बंगल्यांच्या मालकांकडून पैसे नकोत, खोली हवी. आउटहाउसची एक खोली, वर्षभर, लेखी करारावर. परदेशी माणूस घरात ठेवल्यावर चोवीस तासांत ठरलेला सरकारी फॉर्म भरावा लागतो, तो आमचे कार्यकर्ते भरून देतील, म्हणजे पोलिसांच्या नावाने कुणाला टाळायला सबब उरणार नाही. परदेशातून देणगी घेणार नाही. घेतली तर सगळी शक्ती परवान्यात जाईल. फी थेट कॉलेजात भरू, राहण्या-जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या हातात देऊ, आणि त्याचा हिशेब त्याच्याकडे मागणार नाही. आपल्या पोराकडे मागतो का?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. निर्वासित आणि आश्रय मागणाऱ्या विद्यार्थ्याला भारतीय विद्यार्थ्याइतकीच फी लावा. जळालेल्या, हरवलेल्या किंवा तालिबानच्या कचेरीतून मिळू न शकणाऱ्या दाखल्याऐवजी प्रतिज्ञापत्र आणि परीक्षा चालवून घ्या. देश पडल्यामुळे शिक्षण मध्येच तुटलेल्यांना, ते कुठेही असोत, राहिलेले पेपर देऊ द्या. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, याची आम्ही मुद्दाम आठवण करून देत नाही. राज्य सरकारकडे एकच मागणी : प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर घरातल्या सगळ्या मुलांना पदवीपर्यंत फीमाफी, आणि पवना धरणग्रस्तांपासून सुरुवात.

निधीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होईपर्यंत एक रुपयाही गोळा करणार नाही. समितीत निम्म्या जागा विस्थापित विद्यार्थ्यांच्या, आणि त्यात निदान अर्ध्या मुली. आमदार, नगरसेवक किंवा पक्षाचा पदाधिकारी सभासद होऊ शकतो, समितीत बसू शकत नाही. दर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत, प्रत्येक सहभागी गावात, जमाखर्च मोठ्याने वाचला जाईल : किती पायल्या आल्या, किती खोल्या मिळाल्या, कुणाची फी भरली, आणि कुणाचा अर्ज का नाकारला.