यंत्राचा ठोका आणि डोळ्यांची लय

हल्लीं पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांतून, भोसरीच्या चाळींतून आणि चाकणच्या कामगार-वस्त्यांतून लग्नमुंजींचीं, बारशांचीं व आषाढी वारीचीं जीं चलच्चित्रें हातोहात फिरतात, त्यांचा एक विशेष कोणाच्याहि ध्यानांत येण्याजोगा आहे. गाण्यांत ठोका पडला कीं दृश्य बदलतें. पुन्हां ठोका, पुन्हां नवें दृश्य. ही कापाकापी पुष्कळदां माणसानें केलेलीच नसते. संपादनाच्या आज्ञावलीच्या हवालीं गाणें आणि दृश्यें केलीं म्हणजे गाण्याचा आवाज कोठें एकाएकीं उसळतो हें ती मोजते, त्या उसळ्यांमधील समान अंतर हुडकून काढते, आणि नेमक्या त्या खुणांवर कात्री चालविते. या सोयीची स्तुति चोहोंकडून ऐकूं येते. आमचें मत निराळें आहे, व तें स्पष्टपणें सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

पहिला आक्षेप संगीताच्याच बाजूनें आहे. ठोका म्हणजे ताल नव्हे. त्रितालाच्या 16 मात्रांत नववीवर खाली येते. हातानें ताल देणारा तेथें टाळी न वाजवितां हात मोकळा सोडतो. सात मात्रांच्या रूपकाची तर समच खालीवर असते. जेथें आघात नाहीं तेथेंहि ताल असतो, ही गोष्ट आपल्याकडे गाणें शिकूं लागलेल्या मुलालाहि ठाऊक आहे. यंत्र मात्र आवाजाचा जोर मोजतें; जें वाजलें नाहीं त्याची त्याला दादच नाहीं. मग अशा यंत्रानें जुळविलेलें चित्र संगीताशीं जुळलें असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

दुसरा आक्षेप चित्रकलेचा. 1933 सालीं कोल्हापुराहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीनें हा विचार फार पूर्वीं केला होता. शांतारामबापूंनीं 1937 च्या ‘कुंकू’मध्यें पार्श्वसंगीताला फांटा देऊन दृश्यांतल्याच आवाजांवर काम भागविलें. पुढच्याच वर्षीं रशियांत आयझेनस्टाईननें प्रोकोफिएव्हच्या साह्यानें ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ काढला. त्यांत कोठें चित्र संगीतावर बेतलें, तर कोठें संगीत चित्रावर. दोघांचे मार्ग भिन्न. परंतु स्वरानें चित्राला कोठें भेटावें आणि कोठें दूर राहावें, याचा निवाडा दोघांनींहि आपल्या हातीं ठेवला होता.

आतां आपल्या दाराशीं असलेली वारीच घ्या. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते. दिंडींतील टाळमृदंगाला स्वतःची चाल आहे, पावलीला पुढें-मागें होण्याचा स्वतःचा क्रम आहे. त्यावर एखादें दणदणीत गाणें चढवून मिनिटास 120 ठोक्यांनीं दृश्यें कापलीं, तर एकेका दृश्याच्या वांट्याला अर्धा सेकंद येतो. वारकऱ्याचें उचललेलें पाऊल खालीं टेंकत नाहीं तोंच तो नाहींसा होतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या म्हातारीचा चेहरा ओळखूं येण्याआधींच पुसला जातो. मूळचा ताल गेला, माणूसहि गेला. उरली ती झगमग.

यावर कोणी म्हणेल, चाकणच्या कारखान्यांतली पाळी संपवून रात्रीं घरीं परतलेल्या तरुणानें बहिणीच्या लग्नाची फीत तासन्‌तास कापीत बसावें काय? प्रश्न रास्त आहे. मोजणीची हमाली यंत्रानें खुशाल करावी. ठोक्यांच्या खुणा मांडून द्याव्या. त्या खुणेवर कापावें कीं न कापावें, हें मात्र त्यानें ठरवूं नये. मोटारींच्या कारखान्यांतून एकेका नगाच्या कामास नेमून दिलेल्या अवधीला ‘टॅक्ट’ म्हणतात; हा जर्मन शब्द संगीतांतल्या तालाचाहि वाचक आहे. त्या अवधीला बांधलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या ठोक्यावर हात हलवितो, तें पोटासाठीं. बहिणीच्या पाठवणीच्या वेळीं आईच्या डोळ्यांत पाणी किती वेळ तरळलें, हेंहि तसल्याच ठोक्यानें ठरावें, अशी सक्ति त्याच्यावर कोणत्या मालकानें केली आहे?

आमची सूचना साधी आहे. फीत तयार झाली म्हणजे घरांतील मंडळींनीं ती एकदां आवाज बंद करून पाहावी. जेथें चेहरा नीट दिसण्यापूर्वींच नाहींसा होतो, तेथें यंत्राची खूण पुसून टाकावी आणि दृश्य पुरें होऊं द्यावें. याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. आज गाजणारें तें गाणें चार वर्षांनीं कोणाच्या स्मरणांतहि राहणार नाहीं. त्या फितींतले आजोबा मात्र घरच्यांना पुन्हां पुन्हां पाहावेसे वाटतील, आणि ते त्यांना अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ दिसले पाहिजेत.