मुलांचे ऐकून घेणार कोण?

दंडविधानाचे ३७७ वे कलम प्रौढांच्या खाजगी व परस्परसंमत संबंधांना लागू होऊ शकत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. परंतु नववी-दहावीतल्या मुलाला न्यायालयाची पायरी चढावयाची नसते. त्याला घराचा उंबरठा आणि शाळेचे फाटक रोज ओलांडावयाचे असते, आणि तेथे बहुधा जुनाच अंमल चालू असतो.

आपण चारचौघांहून निराळे आहोत काय, ही शंका मनात आली तर त्याने ती बोलावी कोणाजवळ? वडिलांपुढे बोलण्याची प्राज्ञा नाही. आईजवळ 'लग्न झाले म्हणजे सारे ठीक होईल' हे ठरलेले उत्तर. उरले शिक्षक! आम्हीही काही वर्षे खडू हाती धरला आहे. शिक्षकांच्या खोलीत अशा मुलांविषयी कोणत्या सुरात बोलले जाते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

पारलिंगी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे, यासंबंधी एन.सी.ई.आर.टी.ने २०२१ साली शिक्षकांसाठी एक पुस्तिका सिद्ध केली. ओरड होताच ती संकेतस्थळावरून नाहीशी झाली. वस्तुतः र. धों. कर्वे यांना 'समाजस्वास्थ्या'तून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. त्या महाराष्ट्राने तरी असल्या माघारीवर समाधान मानू नये.

अशा बोलण्याने मुलांना फूस लागेल, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस तो पटत नाही. जे नुसते कुतूहल असेल ते ओसरेल. जे स्वभावगत असेल ते धाकाने जाणार नाही, औषधानेही नाही. स्वभाव पालटण्याचे उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही मुलाला 'तज्ज्ञा'कडे नेणारे पदवीधर पालक आहेतच.

तेव्हा आमची मागणी एवढीच की, मुलाने शिक्षकांस विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून घरी कळवू नये. अत्याचार झाला असेल वा जिवाला धोका असेल, तर गोष्ट वेगळी. पालकांस हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पण घरी कळणार या भयानेच मुलांची तोंडे मिटतात. शिक्षकांची प्रशिक्षणे होतच असतात. त्यांतला एक दिवस शिक्षण खात्याने या विषयास द्यावा, आणि तो येत्या सुटीतच द्यावा.