सांडलेल्या दारूचा हिशेब कोण ठेवणार?

दारू हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा जुना विषय. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंद झाली अन् २०२१ ला पुन्हा सुरू झाली. त्यावर मोर्चे निघाले, निवडणुका रंगल्या, चहाटपरीवर मित्रांची भांडणं झाली. आज मी लिहितोय ते दुसऱ्या दारूबद्दल, बंदुकीच्या. ही दारू सांडली तर कोणी बोलत नाही. स्फोट झाला की दोन दिवस सगळे बोलतात आणि मग पुन्हा सामसूम.

मी पेशाने फिटर. आयुष्य प्रेस, डाय आणि स्प्रिंग यांच्यात गेलं. त्यामुळे मशीनचा कुठलाही व्हिडिओ दिसला की थांबून बघतो. मागे अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे व्हिडिओ बघत होतो. तिकडे लोक पिस्तुलाची झाडलेली काडतुसं घरच्या गॅरेजमध्ये पुन्हा भरतात. त्यासाठी 'प्रोग्रेसिव्ह प्रेस' नावाचं मशीन असतं. एक गोल तबकडी, तिच्यावर चार-पाच पितळी नळ्या उभ्या. दांडा एकदा ओढला की तबकडी एक घर पुढे सरकते. एका घरात जुनी टोपी निघून नवी बसते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात गोळी बसते, चौथ्यात तोंड आवळलं जातं. प्रत्येक झटक्याला एक काडतूस तयार.

या मशीनची नेहमीची तक्रार काय, तर दारू सांडते. तबकडीवर, टेबलावर, टोपीच्या खाचेत दाणे पडतात. फिटरला याची कारणं समजायला वेळ लागत नाही. तबकडी घरात बसताना खटकन थांबते. नऊ एमएमची नळी आखूड, त्यात दारू काठोकाठ आलेली, मग त्या धक्क्याने दाणे उडणारच. कधी नळीचं तोंड नीट फुललेलं नसतं, कधी दारूचं नरसाळं त्यावर घट्ट टेकत नाही. कधी तबकडीच अर्धा मिलिमीटर आधी थांबते. दारू फार बारीक असेल तर मापाच्या फटीतून झिरपते. हवा कोरडी असेल तर प्लास्टिकला चिकटते आणि मग एकदम पडते.

उपायही साधेच आहेत. स्प्रिंगचा जोर कमी करा, तबकडीची जागा नीट लावा, डायची उंची तपासा, हात सावकाश चालवा. पण त्या लोकांची एक सवय मला फार आवडली. दारू सांडली की ते आधी थांबतात. तबकडीवरच्या सगळ्या नळ्या काढून बघतात, दारू वजन करून बघतात, शंका असेल ते काडतूस बाजूला ठेवतात. मऊ ब्रशने झाडतात, घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावत नाहीत, कारण त्याच्या मोटरची ठिणगी पुरेशी असते. कारण सापडेपर्यंत दांडा पुन्हा ओढत नाहीत.

एवढं का थांबायचं? कारण टेबलावर जी दारू सांडली, ती कुठल्या तरी काडतुसात कमी पडली. कमी दारूच्या काडतुसाची गोळी नळीतच अडकू शकते. झाडणाऱ्याला वाटतं बार फुसका गेला. तो पुढचा बार टाकतो आणि बंदूक हातात फुटते. म्हणजे सांडलेल्या चिमूटभर दारूला दोन टोकं आहेत. एका टोकाला मशीनवर बसलेला माणूस, दुसऱ्या टोकाला ते काडतूस विश्वासाने वापरणारा माणूस.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कोणी उद्या प्रयोग करायला बसेल. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे. रानडुकरांसाठी गावठी बार भरणाऱ्यांनीही हे वाचावं. शेतात ठेवलेला बार डुकराची वाट बघत नाही, पहिला पाय पडेल त्याला उडवतो. त्यात गुरंही आली आणि आपली पोरंही.

आता आपल्याकडे येतो. नागपूर रोडवर भद्रावतीला आयुध निर्माणी चांदा आहे. तिथे तोफेच्या गोळ्यांत स्फोटकं भरली जातात. भंडाऱ्याच्या जवाहरनगरला दारू तयार होते. खडकी आणि वरणगावला बंदुकांची काडतुसं बनतात. २०२१ च्या ऑक्टोबरपासून या निर्माण्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. शिवाय नागपूरच्या आसपास खाजगी स्फोटक कारखाने आहेत. आपल्या कोळसा खाणींना रोज ब्लास्टिंग लागतं, तिकडे सुरजागडचा डोंगर फुटतोय. म्हणजे या धंद्यावर पूर्व विदर्भातली हजारो घरं चालतात.

आणि या धंद्यात माणसं मरतात. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात नऊ जण गेले, त्यात सहा बाया होत्या. १३ जून २०२४ ला धामण्याला स्फोट झाला, तिथेही मेलेल्यांत बहुतेक बायाच. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. या तिन्ही ठिकाणी दारू सांडली होती असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, की त्या त्या दिवशी काय चुकलं ते शेजारच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला कोणी मराठीत समजावून सांगितलं का? माझ्या हाती तरी मराठीत लिहिलेला, कामगाराला समजेल असा चौकशी अहवाल आजवर आलेला नाही. मदतीच्या चेकचे फोटो मात्र आले.

ओळखीतली एक बाई अशाच एका कारखान्यात भरणीच्या कामावर होती. कारखान्याचं नाव सांगत नाही. मी विचारलं, सांडलं तर काय करता जी? ती म्हणाली, "काय करता भाऊ, सांडलं त झाडून घ्याचं अन् हात चालू ठेवाचा. नग कमी झाले त सुपरवायझर बोलते."

या दोन वाक्यांत सगळं आलं. गॅरेजमधला हौशी माणूस थांबू शकतो, कारण त्याच्या डोक्यावर कोणी उभं नाही. आपली बाई थांबू शकत नाही, कारण तिची रोजी नगावर मोजली जाते. ज्या कामात घाई म्हणजे मरण, तिथेच घाईला बक्षीस आहे. मशीन दोघांचंही सांडणारच, धातू झिजतो, स्प्रिंग थकते. फरक पडतो तो सांडल्यानंतरच्या पाच मिनिटांत.

कोणी म्हणेल, मोठ्या कारखान्यात वजन तपासणारी मशीन असते, पितळी आणि लाकडी अवजारं असतात, इमारतींभोवती मातीचे बांध असतात. खरं आहे, आणि ते हवंच. पण मातीचा बांध शेजारच्या शेडला वाचवतो, आतल्या बाईला नाही. तिला वाचवते ती स्वच्छ जमीन, आणि काम थांबवायची मोकळीक.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. जास्त बोललं तर ऑर्डर जाईल, कारखाना दुसरीकडे जाईल. या भीतीची मी थट्टा करणार नाही. पाऊस दगा देतो तेव्हा हीच रोजी चूल पेटवते. पण स्फोट झालेला कारखाना बंद राहतो तेव्हा रोजी कुठे मिळते? पाच मिनिटं थांबून स्प्रिंग बदलणं मालकालाही स्वस्तच पडतं. प्रश्न फक्त एवढा, की त्या पाच मिनिटांचे पैसे बाईच्या पगारातून कापायचे की मालकाच्या नफ्यातून.

कायदा काही मुका नाही. भोपाळनंतर १९८७ ला कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या उद्योगात कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आली, आणि समोर दिसणाऱ्या धोक्याची सूचना व्यवस्थापनाला अन् निरीक्षकाला देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. नव्या कामगार संहितेतही हा हक्क आहे. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. दिल्लीला जायची गरज नाही.

म्हणून चार मागण्या मांडतो.

एक, दारूच्या किंवा स्फोटकाच्या कुठल्याही कामावर नगावर मजुरी नको. ठेकेदाराच्या माणसालाही नको.

दोन, प्रत्येक शेडमध्ये सांडल्याची वही ठेवा. किती वाजता, कोणत्या मशीनवर, कशामुळे, काय दुरुस्त केलं. एकाच मशीनचं नाव आठवड्यात चारदा आलं तर ते मशीन बंद. आणि वहीत एकही नोंद नसेल तर निरीक्षकाने खूश होऊ नये, उलट जास्त चौकशी करावी.

तीन, धोका दिसला म्हणून जो काम थांबवेल त्याची रोजी कापायची नाही. हे मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक शेडच्या दारावर लिहा.

चार, स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत छापून ग्रामपंचायतीत लावा आणि बाकी सगळ्या कारखान्यांत कामगारांसमोर वाचून दाखवा.

आणि दुसरं टोक विसरू नका. गडचिरोलीच्या जंगलात आपलेच पोरं सी-६० मध्ये बंदूक घेऊन उभे राहिलेत. त्यांच्या हातातलं काडतूस कोणीतरी भरलेलं असतं. भरणाऱ्या हाताला घाई नसावी, हे त्या जवानाच्या आईलाही वाटेल.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. आमदार-खासदार भेटले की रस्त्यासोबत हेही विचारा. आणि तुमच्या घरचं कोणी अशा कामावर असेल तर आज जेवताना त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे सांडलं तर थांबता येते का? उत्तर 'नाही' आलं तर नाव न सांगता मला कळवा. अशी पंचवीस उत्तरं जमली की मी स्वतः ती घेऊन नागपूरच्या पेसो कार्यालयात जातो. सोबत कोण येते ते सांगा.