पितृपंधरवडा आणि जैन कुटुंब

अनंत चतुर्दशीला दशलक्षण पर्वाची सांगता होते आणि भाद्रपद वद्य प्रतिपदेला दिगंबर जैन घरांत क्षमावाणी पाळली जाते. त्याच प्रतिपदेला शेजारच्या घरी पितृपंधरवडा बसतो. एका घरी जिवंत माणसांची क्षमा मागितली जाते, दुसऱ्या घरी दिवंगतांसाठी पान वाढले जाते. कोल्हापुरात ही दोन्ही घरे एकाच गल्लीत नांदतात, एकाच पेठेत व्यवहार करतात. त्यामुळे ‘आपल्याकडे म्हाळ का घालत नाहीत?’ हा प्रश्न जैन घरातील मुले विचारणारच. काही जैन घरांत तर सहवासाने ही रीत येऊन रुळलीही आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी विचारपूर्वक द्यायला हवे.

शेजारधर्मात या पंधरवड्याची मांडणी नेटकी आहे. ज्या तिथीस मृत्यू झाला त्या तिथीस श्राद्ध होते. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सर्वांसाठी सर्वपित्री अमावास्या. वडे, खीर, कढी, अळू, कारले, गवार, भोपळा असा स्वयंपाक होतो आणि कावळ्यासाठी घास काढून ठेवला जातो. शरदात पूर्वजांना स्मरण्याची ही भावना दूरदेशीही आढळते. आयर्लंडमधील प्राचीन केल्टिक लोक ऑक्टोबरअखेर ‘सॅविन’ पाळत. त्या रात्री मृतांचे आत्मे घरी येतात, अशी समजूत होती.

पेठेवर या दिवसांची छाया पडते. सोने, वाहन, वास्तू यांची खरेदी लोक घटस्थापनेपर्यंत लांबवतात, गुजरीत वर्दळ ओसरते, भाजी मंडईत मात्र गवार-भोपळ्याला मागणी येते. ग्राहकाच्या भावनेचा मान राखणे हे व्यापाऱ्याचे कर्तव्यच आहे. परंतु तीच धास्ती स्वतःच्या मनात बाळगण्यास जैन तत्त्वज्ञानात आधार नाही.

कारण तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे देह सोडलेला जीव अवघ्या काही समयांत पुढील जन्मस्थानी पोहोचतो. ‘समय’ म्हणजे काळाचा सर्वांत सूक्ष्म अंश. मध्ये कोठे तरी भुकेला थांबलेला पितर या विचारात संभवत नाही. शिवाय ज्याचे कर्म त्यालाच त्याचे फळ. मुलाने वाढलेले अन्न पित्याच्या खात्यावर जमा होत नाही. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथातील यशोधराची कथा हेच सांगते. पिठाचा कोंबडा बळी दिल्याच्या पापाने राजा यशोधर पशुयोनीत जन्म घेत फिरतो आणि त्याचाच पुत्र पित्याच्या श्राद्धासाठी नकळत त्या जीवाचा घात करवितो. श्रद्धा खरी असूनही ज्याच्यासाठी विधी केला तोच त्यात मारला जातो, हे त्या कथेचे मर्म आहे.

मग जैन समाज दिवंगतांना विसरतो काय? तसे मुळीच नाही. सल्लेखना घेतलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निषिधी दक्षिणेत ठिकठिकाणी आहेत. राष्ट्रकूट राजा चौथा इंद्र याने इ. स. ९८२ मध्ये श्रवणबेळगोळ येथे घेतलेल्या सल्लेखनेची नोंद तेथील शिलालेखात आजही वाचता येते. भगवान महावीरांचे निर्वाण दीपोत्सवाने स्मरले जाते. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी पित्याचे नाव विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगला दिले. हिराचंद गुमानजी हे नाव अशा रीतीने विद्येशी जोडले गेले. या साऱ्यात मृताला काही पोहोचविण्याचा प्रयत्न नाही. त्याच्या गुणांची आठवण जिवंतांच्या कामी आणली आहे.

व्यापारी कुटुंबाला याहून जवळचे एक कर्तव्य आहे. वडील जातात तेव्हा काही देणी मागे राहतात. हातउसने घेतलेली रक्कम, तोंडी दिलेला शब्द, जुन्या नोकराची राहिलेली बाकी, भावाशी तुटलेला संवाद. पित्याचे ऋण फेडणे हे पूर्वी पुत्राचे धार्मिक कर्तव्य म्हणून न्यायालयेही मानीत. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून नव्या कर्जांबाबत केवळ त्या कर्तव्याच्या आधारे पुत्र, नातू किंवा पणतू यांच्याकडून वसुली करता येत नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेवरील बोजाची गोष्ट वेगळी. पण कागद नसलेल्या, केवळ विश्वासाने दिलेल्या रकमेसाठी आता बहुधा कोणीही दार ठोठावणार नाही. म्हणूनच ते देणे फेडण्याला मोल आहे.

वडिलांच्या तिथीला जैन घरात पान मांडण्याऐवजी त्यांची वही उघडावी. ज्याचे देणे असेल त्याला स्वतः जाऊन द्यावे. ज्याचे मन दुखावले असेल त्याची घराच्या वतीने क्षमा मागावी. ऐपतीप्रमाणे आहार, औषध, शास्त्र, अभय यांपैकी एक दान करावे. त्याचे पुण्य करणाऱ्याचे, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

आणि शेजाऱ्याने म्हाळाचे बोलावणे केले तर? त्याच्या श्रद्धेची थट्टा घरात कोणी करू नये. आपले आहाराचे नियम नम्रपणे सांगून त्याच्या दारी अवश्य जावे, त्याच्या वडिलांची चौकशीने आठवण काढावी. क्षमावाणीला ज्याची क्षमा मागितली, त्याच्या दुःखाच्या दिवशी पाठ फिरवणे शोभणारे नाही.