उदासीन कोण? मतदार कीं पुढारी?

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक जवळ आली कीं आमच्याकडील सुशिक्षित मंडळींच्या वाणीला विलक्षण धार चढते. कोणतें राज्य कोणत्या पक्षाकडे झुकणार याचे आडाखे वाचनालयाच्या पायऱ्यांवर बांधले जातात. परंतु त्याच देशांतील एखाद्या शहरानें आपला महापौर कसा निवडला असें विचारलें, तर गटारें व दिवाबत्ती यांत आम्हांस गोडी नाहीं असें म्हणून हीच मंडळी मोकळी होतात. त्यांतून कृष्णवर्णीय मतदारांचा विषय निघाला, तर दोन ठरीव वाक्यें तयारच असतात. एक, हे लोक मतदानाविषयीं उदासीन असतात. दुसरें, जे मत देतात ते डोळे मिटून एकाच पक्षास देतात. तेव्हां त्यांच्या दारीं जाऊन प्रचार करण्याचें प्रयोजन काय? हा प्रश्न आमच्याच गप्पांपुरता असता, तर आम्हीं लेखणी हातीं घेतली नसती. पण अमेरिकेंतील पुष्कळ पुढाऱ्यांनींही पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब केला आहे, आणि तो साफ खोटा आहे असें आमचें मत आहे.

उदासीनतेची गोष्ट प्रथम पाहूं. मिसूरी राज्यांत सेंट लुइसजवळ फर्ग्युसन नांवाचें एक लहानसें शहर आहे. २०१० च्या खानेसुमारीप्रमाणें तेथें कृष्णवर्णीयांचें प्रमाण शेंकडा ६७ होतें. असें असूनही, २०१४ च्या ऑगस्टांत एका पोलिसाच्या गोळीनें अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण ठार झाला व त्या गांवाचें नांव जगभर झालें, तेव्हां तेथील महापौर गौरवर्णीय होता आणि नगरसभेच्या सहा सभासदांपैकीं कृष्णवर्णीय अवघा एक होता. मतें दिलीं नाहींत, आतां फळें भोगा, असें आमचे पंडित यावर म्हणणार! पण थोडें थांबावें. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकींत याच गांवचे दोन्ही वर्णांचे लोक जवळजवळ सारख्याच प्रमाणांत मतदानास गेले होते. पुढच्याच वर्षीं नगराच्या निवडणुकींत, राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें, गौरवर्णीयांपैकीं शेंकडा १७ आणि कृष्णवर्णीयांपैकीं शेंकडा ६ एवढेच गेले. गांव तेंच, माणसेंही तींच. पांच महिन्यांत त्यांचा स्वभाव पालटला काय? पालटली ती निवडणुकीची तऱ्हा. अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरांत, वाजतगाजत होते. नगराची एप्रिलांत, एकटीच, चोरपावलांनीं येते. ज्याचें स्वतःचें घर आहे, ज्याच्या ओळखीचे चार लोक नगरसभेंत आहेत, त्याला ती आल्याचें कळतें. जो भाड्याच्या घरांत राहतो व दर दोन वर्षांनीं बिऱ्हाड हलवितो, त्याला कोणीं सांगितल्यावांचून कळत नाहीं. आणि सांगावयास कोणी जात नाहीं. पुढें एप्रिल २०१५ मध्यें, मतदानासाठीं माणसें दारोदार फिरलीं, तेव्हां मतदान आदल्या वर्षींच्या सुमारें १२ टक्क्यांवरून सुमारें ३० वर गेलें व सहांपैकीं तीन सभासद कृष्णवर्णीय झाले. त्या वेळीं निवडून आलेल्या एला जोन्स या २०२० सालीं महापौरही झाल्या.

आतां गटारें व दिवाबत्ती यांविषयीं. याच फर्ग्युसनची चौकशी करून अमेरिकेच्या न्यायखात्यानें मार्च २०१५ मध्यें जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत असें दिसून आलें कीं, दंडाची वसुली हें नगराच्या उत्पन्नाचें एक मोठें साधन होऊन बसलें होतें, ती वाढविण्याचा तगादा पोलिसांमागें लावला जात होता, आणि तिचा भार मुख्यत्वें कृष्णवर्णीयांवर पडत होता. शिपायानें कोणास हटकावें, दंड न भरणाऱ्यास कोठडींत टाकावें कीं नाहीं, या गोष्टी वॉशिंग्टन येथील अध्यक्ष ठरवीत नाहीं. त्या नगराच्या कचेरींत ठरतात. ज्यास गरीब माणसाच्या नित्याच्या सुखदुःखाशीं कर्तव्य आहे, त्यानें नगरसभेस क्षुद्र म्हणूं नये. आमच्याकडे जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल अमेरिकेंतील सदाचरणी लोकांस अर्पण केलें, आणि तेच जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. त्यांना दोन्ही कामें सारखींच महत्त्वाचीं वाटलीं. आमच्या वाचनालयांतील मंडळींस मात्र दुसरें काम हलकें वाटतें!

दारोदार जाण्याचें माहात्म्य पाहावयाचें असेल, तर शिकागोकडे वळावें. इलिनॉय राज्यानें १९१३ सालीं स्त्रियांस नगराच्या निवडणुकींत मताधिकार दिला. त्याच वर्षीं आयडा बी. वेल्स यांनीं कृष्णवर्णीय स्त्रियांचें आल्फा मताधिकार मंडळ स्थापन केलें होतें. या स्त्रिया दुसऱ्या वॉर्डांत घरोघर फिरून नांवें नोंदवूं लागल्या. पुरुषांनीं त्यांची टवाळी केली, घरीं जाऊन मुलें सांभाळा असें सुनावलें. तरी त्या हटल्या नाहींत. दोनच वर्षांनीं, १९१५ सालीं, ऑस्कर डी प्रीस्ट हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक झाले व १९२८ सालीं तेच काँग्रेसवर निवडून गेले. दिल्लीपासून गल्लीकडे पाहणाऱ्यांनीं हा क्रम नीट पाहावा.

पुढें त्याच शहरांत पक्षयंत्राचें राज्य झालें. नोकरी, घर, शिफारसचिठ्ठी यांच्या बदल्यांत कृष्णवर्णीय वॉर्डांचीं मतें गठ्ठ्यानें घ्यावयाचीं आणि कारभारांत त्यांस कोपऱ्यांत बसवावयाचें, हा शिरस्ता पडला. गठ्ठा फुटला तो एका साध्या गोष्टीवरून. १९७९ च्या जानेवारींत भयंकर बर्फ पडलें, तेव्हां नगराच्या आगगाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील स्थानकें वगळून पुढें जाऊं लागल्या. पुढल्याच महिन्यांत या मतदारांनीं महापौर बिलँडिक यांना पक्षांतर्गत निवडणुकींत पाडण्यास हातभार लावला व जेन बर्न यांना वर आणलें. डोळे मिटून मत देणारे ते हेच लोक! बर्नबाईंनींही १९८२ सालीं गृहनिर्माण मंडळावर कृष्णवर्णीयांच्या जागीं गौरवर्णीय सभासद नेमले, तेव्हां लोकांनीं नगराच्या उन्हाळी उत्सवावर बहिष्कार घातला, आणि त्या संतापास मतदारनोंदणीची दिशा मिळाली. हॅरल्ड वॉशिंग्टन त्या वेळीं काँग्रेसचे सभासद होते. पन्नास हजार नवे मतदार नोंदवून दाखवा, मग उभें राहण्याचा विचार करूं, अशी त्यांनीं अट घातली होती. देवळांतून, बेकारभत्त्याच्या कचेऱ्यांच्या दारांतून, चाळींच्या जिन्यांवरून नोंदणी झाली, ती एक लाखाहून अधिक. फेब्रुवारी १९८३ मध्यें बर्न व धाकटे डेली या दोघांनाही मागें टाकून शेंकडा ३६ मतांनीं वॉशिंग्टन पक्षाचे उमेदवार झाले.

येथें आमचे कांहीं मित्र म्हणतात कीं, हा वर्णाभिमानच नव्हे काय? त्यांनीं उरलेला हिशेब पाहावा. शिकागोंत १९७९ सालीं रिपब्लिकन उमेदवारास सुमारें १६ टक्के मतें पडलीं होतीं. एप्रिल १९८३ मध्यें एप्टन यांना ४८ टक्के पडलीं. चार वर्षांत शिकागोच्या गौरवर्णीयांस रिपब्लिकन तत्त्वज्ञानाचा साक्षात्कार झाला, असें ज्यास मानावयाचें असेल त्यानें खुशाल मानावें. वॉशिंग्टन जिंकले ते थोडक्यांत, आणि केवळ स्वतःच्या वर्णाच्या मतांवर नव्हे. लॅटिन वंशाचे लोक व सरोवराकाठचे कांहीं उदारमतवादी गौरवर्णीय त्यांच्या बाजूनें आले. अधिकारावर येतांच त्यांनीं नगराचे कागद नागरिकांस पाहावयास मोकळे केले, व पक्षनिष्ठा पाहून नोकऱ्या वाटण्याच्या चालीस आळा घालणाऱ्या करारावर सही केली. यांत वर्णाभिमान कोठें आहे?

तरी महापौरपद हातीं आलें म्हणजे सत्ता आली असें नव्हे. पन्नास नगरसेवकांपैकीं एकोणतीस विरुद्ध होते, व तीन वर्षें त्यांनीं कारभार अडवून धरला. न्यायालयानें वॉर्डांच्या सीमा बदलण्यास लावून सात वॉर्डांत १९८६ सालीं पुन्हा निवडणुकी घेवविल्या, तेव्हां पंचवीसास पंचवीस अशी बरोबरी होऊन निर्णायक मत महापौरांकडे आलें. अलाबामांतील मोबील शहरीं तर सीमा आंखण्याचाच प्रश्न ठेवला नव्हता. १९११ पासून तिघे कारभारी सर्व शहरानें मिळून निवडावयाचे, म्हणून एक तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची असूनही त्यांचा एकही माणूस कधीं निवडून आला नाहीं. १९८५ सालीं वॉर्डवार निवडणूक होतांच सातांपैकीं तीन आले. या लोकांना उदासीन म्हणणाऱ्यांनीं आधीं तो नकाशा पाहावा.

वॉशिंग्टन १९८७ सालीं पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला कचेरींतच कोसळून निवर्तले. त्यांच्या जागेवरून कृष्णवर्णीय नगरसेवकांत फूट पडली. दारोदार फिरणाऱ्या माणसांची फळी पुढाऱ्यांच्या भांडणांत विस्कळित झाली. १९८९ च्या निवडणुकींत त्या वॉर्डांतील मतदान १९८३ च्या मानानें घटलें, आणि धाकटे डेली महापौर झाले, ते २०११ पर्यंत राहिले.